उष्णतेची मात्रा : कर्करोगाच्या पेशी तापवून मारता येतात का?

गरम नारळपाणी प्यायल्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा एक संदेश गेली अनेक वर्षे मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमधून फिरत आहे. संदेशाखाली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे तत्कालीन संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांचे नाव घातलेले असे. हा संदेश बनावट असल्याचा खुलासा रुग्णालयाने २०१९ मध्ये केला. तरीही तो थांबला नाही. पुण्यातल्या मावशीकडून न्यू जर्सीतल्या भाच्याकडे आणि तिथून दुबईतल्या मेहुण्याकडे तो आजही जातो. त्याच्या जोडीला आता दुसरा मजकूर येऊ लागला आहे. युरोपातल्या खासगी दवाखान्यांच्या सुबक पुस्तिकांत 'कर्करोगावर उष्णतोपचार' असा मथळा असतो, आणि त्या उपचाराचा खर्च रुग्णालाच करायचा असतो.

पहिला संदेश निव्वळ थाप आहे. दुसरा मजकूर मात्र सरसकट थाप म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि परदेशातल्या सुशिक्षित मराठी कुटुंबाची खरी कोंडी तिथेच होते. नेदरलँड्स आणि जर्मनीतील नामवंत विद्यापीठ रुग्णालयांत उष्णतेचा उपचार खरोखर दिला जातो. त्याच्या चाचण्या 'लॅन्सेट' आणि 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आल्या आहेत. मग थाप कुठे संपते आणि विज्ञान कुठे सुरू होते? याचे उत्तर पेशी उष्णतेपुढे नेमकी कशी वागते, यात आहे.

पेशीच्या आत काय घडते

माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पेशीचे तापमान ४१ ते ४५ अंशांच्या दरम्यान नेले, तर पहिला आघात प्रथिनांवर होतो. प्रथिनांचे काम त्यांच्या विशिष्ट घडीवर अवलंबून असते. उष्णतेने ती घडी विस्कटते, उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि पेशीतील बहुतेक कारभार अडखळतो.

पेशीविभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर उष्णता पोहोचली, यावर पुढचा परिणाम ठरतो. विभाजनापूर्वी पेशी आपल्या डीएनएची प्रत तयार करते. हा टप्पा 'एस' अवस्था म्हणून ओळखला जातो. किरणोपचाराला, म्हणजे रेडिएशनला, या अवस्थेतील पेशी चिवट प्रतिकार करतात. उष्णतेपुढे मात्र त्याच पेशी सर्वांत दुबळ्या ठरतात. चिनी हॅम्स्टर या प्राण्याच्या पेशींवर वेस्ट्रा आणि ड्यूई यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे चित्र स्पष्ट झाले. प्रत्यक्ष दुभागण्याच्या अवस्थेत उष्णता पोहोचली, तर गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारी यंत्रणा बिघडते. विभाजन अर्धवट राहते आणि एकाहून अधिक केंद्रके असलेली विद्रूप पेशी उरते. अशी पेशी पुढे बहुधा मरतेच.

किरणोपचार जिथे कमी पडतो तिथे उष्णता प्रभावी ठरते. ट्यूमरच्या ज्या भागात रक्तपुरवठा अपुरा आणि प्राणवायू कमी असतो, तिथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. उष्णतेने मात्र त्या अधिक लवकर मरतात, कारण तिथली आम्लता वाढलेली असते आणि आलेली उष्णता वाहून नेण्याइतके रक्त फिरत नाही. 'कर्करोगाची पेशी उष्णतेला जात्याच घाबरते' हे लोकप्रिय विधान म्हणूनच अर्धसत्य आहे. पेशीपेक्षा तिच्या भोवतालची परिस्थितीच तिला अधिक दुबळी करते.

तिसरा परिणाम अलीकडच्या काळात उलगडला. किरणांनी तुटलेला डीएनए पेशी स्वतःच दुरुस्त करते. या दुरुस्तीत बीआरसीए-२ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. सौम्य उष्णतेने हे प्रथिन काही तासांपुरते नष्ट होते आणि दुरुस्तीचे एक महत्त्वाचे दार बंद होते, असे रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राशी संबंधित संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. उष्णता एकटी फारशी मजल मारत नाही, पण किरणोपचार किंवा केमोथेरपीच्या जोडीला ती आली की त्यांची ताकद वाढवते, यामागचे एक कारण हे आहे.

मृत्यूचे प्रकार आणि पेशीचे कवच

तापलेली पेशी एकाच रीतीने मरत नाही. मध्यम उष्णतेत अनेक पेशी स्वतःच आपला शेवट घडवून आणतात. त्या आक्रसतात, त्यांचे व्यवस्थित तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. या नियोजित मृत्यूला 'अपॉप्टोसिस' हे नाव १९७२ मध्ये मिळाले. त्यामागची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन या तिघांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तापमान आणखी चढले की पेशीला इतकी सवड राहत नाही. ती फुगते, फुटते आणि आतले द्रव्य बाहेर सांडते. हा 'नेक्रोसिस'. साठ अंशांच्या वर तर उकडलेल्या अंड्याप्रमाणे ऊती जवळजवळ तत्क्षणी गोठून मरते.

पण पेशी हा मार मुकाट्याने सोसत नाही. इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चिओ रितोसा यांच्या लक्षात आले, की तापमान वाढल्यावर फळमाशीच्या गुणसूत्रांवर काही ठिकाणी फुगवटे उमटतात. त्यांचे हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पेशीने घाईघाईने चालू केलेली बचावाची जनुके होती, हे पुढे कळले. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनांना 'हीट शॉक प्रथिने' म्हणतात. विस्कटलेल्या प्रथिनांना ती पुन्हा घडीवर आणतात. इतकेच नव्हे, तर त्यांपैकी एचएसपी-७० हे प्रथिन अपॉप्टोसिसची साखळीच मध्ये तोडते.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. एकदा तापवून न मेलेली पेशी पुढच्या उष्णतेसाठी तयार होऊन बसते. हे तात्पुरते कवच काही तासांत चढते आणि उतरायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. म्हणून गंभीरपणे उष्णतोपचार करणारी केंद्रे रुग्णाला रोज तापवत नाहीत. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, साधारण तासभर उष्णता दिली जाते. रोज थोडी थोडी ऊब घेऊन रोग पळवून लावण्याची कल्पना पेशीच्या या स्वभावापुढे टिकत नाही.

एका अंशाची किंमत

या शाखेतला सर्वांत महत्त्वाचा नियम १९८४ मध्ये सापारेटो आणि ड्यूई यांनी मांडला. ४३ अंशांच्या वर तापमान एक अंशाने वाढले की तोच परिणाम साधायला निम्मा वेळ पुरतो. ४३ च्या खाली मात्र प्रत्येक अंशाला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणजे ४३ अंशांना ६० मिनिटांत जे साधते, ते ४४ अंशांना ३० मिनिटांत साधते आणि ४२ अंशांना त्यासाठी सुमारे चार तास लागतात.

गरम पेयाचा दावा इथेच कोसळतो. प्यायलेले पाणी पोटात पोहोचेपर्यंत निवू लागते आणि उरलेली उष्णता रक्ताभिसरण काही मिनिटांत पांगवून टाकते. कोणत्याही पेयाने पोटातला किंवा छातीतला ट्यूमर तासभर ४२ अंशांवर राहत नाही. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांहून अधिक गरम पेये पिण्याची सवय अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे २०१६ मध्ये नोंदवले आहे. आरोग्यासाठी म्हणून कढत पेय घशाखाली ढकलणाऱ्याने ही नोंद लक्षात ठेवायला हवी.

हाच नियम खऱ्या उपचारकेंद्रांनाही अडचणीत आणतो. शरीराच्या आतल्या गाठीचा एक कोपरा ४३ अंशांवर आणि दुसरा ४० अंशांवर असेल, तर दोन्हींना मिळालेल्या 'मात्रे'त कित्येक पटींचा फरक पडतो. ४३ अंशांचे लक्ष्य कागदावर लिहिणे सोपे आहे. गाठीच्या प्रत्येक भागात ते गाठणे आणि गाठले याची मोजणी करणे अवघड आहे.

चाचण्यांनी काय सांगितले

उष्णतोपचाराचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा पुरावा नेदरलँड्सचा आहे. 'लॅन्सेट'ने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिथल्या चाचणीत ओटीपोटातील कर्करोगाचे ३५८ रुग्ण होते. त्यांपैकी ११४ स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. केवळ किरणोपचार घेतलेल्या गटात तीन वर्षांनी २७ टक्के स्त्रिया हयात होत्या. किरणोपचारासोबत उष्णता मिळालेल्या गटात हे प्रमाण ५१ टक्के होते. बारा वर्षांनीही ३७ विरुद्ध २० टक्के असा फरक टिकून राहिला. मूत्राशय आणि गुदाशयाच्या कर्करोगात मात्र जगण्याचा असा टिकाऊ लाभ दिसला नाही.

इतका ठळक निकाल येऊनही हा उपचार जगभर का पसरला नाही? एक कारण काळाचे आहे. किरणोपचाराला सिस्प्लॅटिन या औषधाची जोड देण्याची पद्धत १९९९ मध्येच प्रमाण मानली जाऊ लागली होती. उष्णतेची तुलना ज्या उपचाराशी झाली, तोच मागे पडला. दुसरे कारण विरोधी पुराव्याचे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११० रुग्णांच्या चाचणीत उष्णतेने काहीच फायदा दिसला नाही. एका टप्प्यातील रुग्णांमध्ये तर उष्णता घेतलेल्यांचे जगणे कमी भरले. रुग्णसंख्या थोडी होती आणि तापवण्याची पद्धतही निराळी होती, हे आक्षेप योग्यच आहेत. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष उष्णतेच्या समर्थकांनाही सोडत नाही. यंत्र आणि हात बदलले की निकाल बदलत असेल, तर 'उष्णतोपचार' या एका शब्दाखाली अनेक वेगवेगळे उपचार वावरत आहेत.

सर्वांत स्वच्छ पुरावा स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींच्या सार्कोमाचा आहे. म्युनिकच्या रोल्फ इसेल्स यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत ३४१ रुग्ण होते. दोन्ही गटांना केमोथेरपी मिळाली आणि एका गटाला सोबत उष्णता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निकालात दहा वर्षांनी जगलेल्यांचे प्रमाण ५२.६ विरुद्ध ४२.७ टक्के होते. गटांमधला फरक उष्णतेचाच असल्याने हा आकडा वजनदार ठरतो.

'हायपेक'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. या पद्धतीत पोटातील गाठी शस्त्रक्रियेने काढल्यावर तापवलेले केमोथेरपीचे औषध पोटाच्या पोकळीत फिरवले जाते. अंडाशयाच्या कर्करोगाच्या २४५ रुग्णांवरील डच चाचणीत ४० अंशांचे सिस्प्लॅटिन ९० मिनिटे फिरवले गेले. या गटाच्या जगण्याचा मध्यक ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेला. मोठ्या आतड्याच्या पोटात पसरलेल्या कर्करोगासाठी फ्रान्समध्ये २६५ रुग्णांवर झालेल्या 'प्रॉडिज-७' चाचणीत ४३ अंशांचे ऑक्सालिप्लॅटिन ३० मिनिटे दिले गेले. तिथे मध्यक ४१.७ विरुद्ध ४१.२ महिने, म्हणजे जवळपास सारखाच राहिला. उशिराच्या गुंतागुंती मात्र हायपेक गटात अधिक होत्या.

कमी तापमानाची चाचणी यशस्वी आणि जास्त तापमानाची अयशस्वी, हा विरोधाभास डोळ्यांत भरतो. रोग, औषध आणि वेळ वेगळी असल्याने दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. पण एक गोष्ट दोन्हींत समान आहे. गरम औषधाची तुलना तेच औषध थंड देण्याशी झालीच नाही, ती केवळ शस्त्रक्रियेशी झाली. त्यामुळे डच चाचणीतील लाभात उष्णतेचा वाटा किती आणि पोटात थेट दिलेल्या औषधाचा किती, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. जाहिरातींत मात्र सगळे श्रेय उष्णतेला दिलेले आढळते.

ऊती थेट जाळणाऱ्या उपचाराची स्थिती याहून निश्चित आहे. सुई घालून रेडिओलहरींनी किंवा सूक्ष्मलहरींनी लहान गाठ जाळण्याला 'ॲब्लेशन' म्हणतात. इथे पेशीच्या अवस्थेचा आणि कवचाचा प्रश्नच उरत नाही. मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या, तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी शस्त्रक्रिया आणि ॲब्लेशन यांची तुलना करणारी 'कोलिजन' चाचणी मध्येच थांबवण्यात आली. कारण ॲब्लेशन कमी पडत नव्हते आणि त्यात गुंतागुंतीही कमी होत्या. 'उष्णतोपचार' हा शब्द ऐकताना म्हणूनच आधी हे तपासायला हवे, की बोलणे जाळण्याचे आहे की ऊब देऊन दुबळे करण्याचे.

देशागणिक वेगळा न्याय

नेदरलँड्समध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी खोलवरचा उष्णतोपचार रीतसर आरोग्यव्यवस्थेत दिला जातो. शेजारच्या जर्मनीत या क्षेत्रातील काही अग्रगण्य विद्यापीठ केंद्रे आहेत. तरीही दवाखान्यात येऊन घेण्याच्या उष्णतोपचाराचा खर्च सार्वजनिक आरोग्यविम्याने उचलू नये, असा निर्णय तिथल्या संयुक्त समितीने २००५ मध्ये घेतला. खासगी दवाखान्यांचा बाजार या पोकळीतही वाढला. अमेरिकेत मेडिकेअर वरवरच्या गाठींसाठी, तेही किरणोपचाराच्या जोडीनेच, हा खर्च मान्य करते. खोलवरच्या उष्णतोपचाराच्या एका यंत्राला तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये मानवतावादी सवलतीखाली मर्यादित मान्यता दिली.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. जागतिक कर्करोग नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. बऱ्याच स्त्रिया रोग पुढे गेल्यावरच रुग्णालयात पोहोचतात, आणि डच चाचणीत उष्णतेचा लाभ दिसला तो अशाच वाढलेल्या रोगात. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेशी संलग्न असलेले डॉ. नीलॉय दत्ता यांनी याआधी स्वित्झर्लंडमध्ये या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. उपलब्ध चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण करून त्यांनी उष्णतेच्या बाजूने आग्रही मांडणी केली आहे.

पण याच रोगासाठी टाटा मेमोरियलने दाखवलेली वाटही डोळ्यांसमोर ठेवायला हवी. तिथल्या ८५० स्त्रियांवरील चाचणीचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. किरणोपचाराला स्वस्त सिस्प्लॅटिनची जोड दिल्यावर पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. हे औषध जिल्ह्याच्या रुग्णालयातही देता येते. उष्णतेसाठी मात्र महाग यंत्र, प्रशिक्षित वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि प्रत्येक रुग्णामागे तासाहून अधिक वेळ लागतो. जिथे किरणोपचाराची यंत्रेच गरजेपेक्षा कमी आहेत, तिथे पहिला रुपया कुठे जावा हा प्रश्न टाळता येत नाही.

उष्णता आणि किरणोपचार यांमध्ये किती अंतर असावे, यावरही तज्ज्ञांचे एकमत नाही. अंतर कमी असेल तर निकाल चांगला, असे ॲमस्टरडॅमच्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळले. रॉटरडॅमच्या रुग्णांच्या २०१९ च्या विश्लेषणात तसा परिणाम दिसला नाही. मात्रा, वेळ आणि क्रम हे तिन्ही प्रश्न पूर्ण सुटल्याशिवाय हा उपचार हमीचा म्हणून विकणे म्हणजे रुग्णाची फसवणूक ठरते.

कुटुंबाने काय विचारावे

नाशिकच्या घरातून परदेशातल्या मुलाला रविवारी फोन येतो, तेव्हा त्याच्याकडून पैशांइतकीच निर्णयाचीही अपेक्षा असते. दूर असल्याची बोच त्याला सर्वांत महागड्या पर्यायाकडे ढकलू शकते. अशा वेळी उपचार देणाऱ्याला चार प्रश्न लेखी विचारावेत. उष्णता किरणोपचार किंवा केमोथेरपीच्या जोडीला दिली जाणार आहे की त्यांच्याऐवजी? गाठीतील तापमान कोणत्या साधनाने मोजणार, आणि प्रत्येक वेळची नोंद रुग्णाला मिळणार का? आठवड्यातून किती वेळा आणि किरणोपचारानंतर किती वेळाने? आणि याच अवयवाच्या याच टप्प्यातील कर्करोगावर याच पद्धतीची चाचणी झाली आहे का?

पहिल्याच प्रश्नाला 'त्यांच्याऐवजी' असे उत्तर आले, तर पुढचे तीन विचारण्याची गरज नाही. या लेखात आलेल्या पुराव्यात मध्यम उष्णतेचा लाभ दिसला तो इतर उपचारांच्या सोबतीनेच. सिद्ध उपचार सोडून केवळ उष्णतेवर विसंबणाऱ्या रुग्णाचा वेळ जातो, आणि कर्करोगात गेलेला वेळ कोणत्याही पैशाने परत आणता येत नाही.

उष्णता पेशी मारते, याबद्दल विज्ञानाला शंका नाही. ४३ आणि ४० अंशांत किती मोठे अंतर आहे, हेही त्याने दाखवून दिले आहे. औषधाची बाटली हातात घेताना आपण मात्रा विचारतो. उष्णतेच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचे उत्तर आकड्यांत मिळत नसेल, तर त्या दारातून परत फिरणेच शहाणपणाचे आहे.